रंगपटाच्या दाराला लावलेले कुलूप

पुण्यातील नाट्यनिर्माते, नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि कार्यक्रमांचे आयोजक यांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

अलीकडे काही प्रयोगांना पडदा पडल्यावर एक नवीनच दृश्य दिसू लागले आहे. रंगपटाकडे, म्हणजे कलाकारांच्या रंगभूषेच्या खोलीकडे, जाणारे दार बंद, दारापुढे काळ्या टी-शर्टातले दोन धिप्पाड तरुण आणि त्यांच्या तोंडी एकच वाक्य, "कलाकार कुणालाही भेटणार नाहीत." त्याच वेळी बाजूच्या दाराने गळ्यात पट्टी अडकवलेली दहा-पंधरा मंडळी आत जाताना दिसतात. चौकशी केली तर कळते, ते प्रायोजकांचे पाहुणे. गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांत याच्या पुढची पायरी आलेली आहे. तिथे 'मीट अँड ग्रीट' म्हणून वेगळा पास विकतात आणि त्याची किंमत मूळ तिकिटापेक्षा जास्त असते. ही पद्धत आता नाटकालाही लागू करायची असा विचार काही जण बोलून दाखवत आहेत. म्हणून वेळेवर लिहीत आहोत.

आमच्यातले काही विंगेत (रंगमंचाच्या आडोशाच्या बाजूला) उभे राहून प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वापराच्या वस्तू, सांभाळणारे आहेत, काही डोअरकीपर होते, काही केवळ तिकीट काढून येणारे आहेत. म्हणजे त्या दाराच्या दोन्ही बाजूंची आम्हाला माहिती आहे. आठवणी आणि किस्से सांगण्यासाठी हे पत्र नाही. तक्रारी आहेत, त्यावरचे उपाय आहेत आणि शेवटी मागण्या आहेत.

प्रयोगानंतर आत जाऊन कलाकाराला भेटणे ही मराठी नाटकाची जुनी वहिवाट आहे. तिकिटावर ती छापलेली नसते, तरी प्रेक्षक ती धरूनच घरातून निघतो. रात्री टीव्हीवर दिसणारा चेहरा तिकिटाच्या पैशांत अडीच तास समोर जिवंत पाहायला मिळतो आणि नंतर हातभर अंतरावरून "काम आवडलं हं" एवढे सांगता येते, हे सिनेमाच्या प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे प्रेक्षक आणि नट यांच्यात भिंत कधी फार उंच नव्हतीच. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षक 'वन्समोअर' देऊन पद पुन्हा म्हणायला लावत. ज्या बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर आपण जंगली महाराज रस्त्यावर चालवता, त्याचे भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द त्यांच्या उपस्थितीत झाले. १९६७ मध्ये ते गेले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, वास्तू खुली झाली. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या नटाच्या नावाने उभ्या राहिलेल्या इमारतीतच प्रेक्षकाला खांद्याला धरून मागे सारले जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

आणखी एक गोष्ट पुण्यापुरती. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या आवारात "अरे आव्वाज कुणाचा" म्हणत घसा बसवणारी मुले पुढे मालिकांत आणि सिनेमांत जातात. स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, त्यामुळे अशा कलाकारांच्या कित्येक पिढ्या झाल्या. ज्याला आवारात चहा पिताना पाहिले त्याचाच फोटो पुढे फलकावर लागतो, हे या शहराने वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणूनच पुणेकर प्रसिद्ध माणसाला पाहून बहुधा फार हुरळत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर मोठा नट बसला, तरी इथला माणूस आपला डोसा संपवतो आणि उठताना हळूच एकदा मान डोलावतो. (घरी गेल्यावर दहा जणांना फोन करतो, ती गोष्ट वेगळी.) अशा प्रेक्षकांना आवरायला बाउन्सर लागावेत, हे आम्हाला समजलेले नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पैशांची. प्रेक्षकाने तिकीट काढून प्रयोग पाहिला आहे. कलाकाराला त्याची 'नाइट', म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळाली आहे. त्यानंतरची पाच-दहा मिनिटे कलाकाराची स्वतःची असतात. ती द्यायची की नाही हे त्याने ठरवावे. ती वेळ त्याच्या परस्पर पॅकेजमध्ये घालून विकण्याचा हक्क निर्मात्याला कुठून मिळतो? पैसे घेतले की ती भेट उरत नाही, सेवा होते, आणि मग पैसे भरलेला माणूसही त्याच हिशेबाने वागू लागतो. "मी एवढे दिले, मग एकच फोटो का?" अशी हुज्जत सुरू होते. आधी आभार मानून निघणारा प्रेक्षक गिऱ्हाईक होतो. यात कलाकाराचेच सर्वाधिक नुकसान आहे, कारण मग त्याला "आज नको, फार दमलोय" असे म्हणायची सोय उरत नाही.

दुसरी तक्रार खोटे बोलण्याची. "कलाकार केव्हाच गेले" असे सांगितले जाते, आणि त्याच वेळी मागच्या बाजूला नाटकाची बस उभी असते, टेम्पोत सेटचे फ्लॅट (भिंतींच्या चौकटी) चढत असतात. प्रेक्षकाला एवढे कळते. "आज नाही जमणार, पुढचा प्रयोग गाठायचा आहे" हे वाक्य खरे असेल तर ते तसेच सांगा. खऱ्या नकाराचा राग पार्किंगपर्यंत टिकतो. थाप मारल्याचा राग पुढच्या तिकिटापर्यंत टिकतो.

तिसरी तक्रार आम्हाला सर्वात जास्त खुपते, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर. पडदा पडल्यावर प्रेक्षक बाहेर येतो तेव्हा दारात आपल्या संस्थेचाच माणूस माइक आणि मोबाइल घेऊन उभा असतो. "कसं वाटलं नाटक? दोन शब्द बोला ना." बाई भारावलेल्या असतात, डोळे ओले असतात, त्या बोलतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा नाटकाच्या जाहिरातीच्या रीलमध्ये संगीतासकट फिरतो. त्यांची लेखी तर सोडाच, तोंडी परवानगीही कुणी घेतलेली नसते. लहान मुलांचेही असेच चित्रण होते. म्हणजे प्रेक्षकाचा चेहरा आपण फुकट घ्यायचा, जाहिरातीला वापरायचा, आणि त्याच प्रेक्षकाने कलाकारासोबत एक फोटो मागितला की सुरक्षेचे कारण पुढे करायचे. अशा चित्रणाआधी "हे आम्ही जाहिरातीत वापरणार आहोत, चालेल ना?" हा एक प्रश्न विचारायला चार सेकंद लागतात. नको म्हटले तर माइक खाली घ्यावा. नंतर कुणी काढून टाका म्हणाले तर काढावे, आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा तो नंबर तिथेच सांगावा.

चौथी तक्रार माणसांची. ज्याला मराठी धड कळत नाही, नाटक कोणते चालू आहे हेही ज्याला माहीत नाही, अशा भाड्याच्या माणसाला दारावर उभे करू नका. नाट्यगृहाच्या नेहमीच्या डोअरकीपरला एका नजरेत कळते की हे आजोबा फक्त नमस्कार करून निघणार आहेत आणि तो पोरगा व्हिडिओ कॉल सुरू करणार आहे. हे कौशल्य दंडाच्या घेराने येत नाही.

पाचवी तक्रार ओळखीपाळखीची. आमच्यावर बंदी असताना "साहेबांचे पाहुणे" आत जातात. नगरसेवक, प्रायोजक, अमक्याचे मेहुणे. यावर जास्त लिहायची गरज नाही.

आता दाराच्या आतली बाजू. तीही बाहेरच्यांनी ऐकली पाहिजे, कारण भेटी बंद करण्यामागे आपण देता ती सगळीच कारणे खोटी नाहीत.

शनिवार-रविवारी पुण्यात प्रयोग साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच आणि रात्री साडेनऊ असे लागतात. पाचचा प्रयोग मध्यंतर धरून साडेसातच्या आसपास संपतो. साडेनऊला त्याच रंगमंचावर दुसऱ्या संस्थेचे नाटक उभे असावे लागते. या दोन तासांत पहिल्यांचा सेट उतरवायचा, लेव्हल (लाकडी चौथरे) आणि फर्निचर बाहेर काढायचे, टेम्पो भरायचा, दुसऱ्यांचा सेट आत आणून ठोकायचा, त्यांचे दिवे लावून फोकस करायचे, ध्वनी तपासायचा. कपडेपटवाल्याला घामाने भिजलेले कपडे मोजून पेटीत भरायचे असतात. रंगपट दुसऱ्या संस्थेला मोकळा करून द्यायचा असतो. विंगेत या वेळी अंधार असतो, जमिनीवर केबली पसरलेल्या असतात, खांद्यावर लाकडी चौकट घेतलेला माणूस मागे न बघता वळतो. तिथे साडी सावरत, नातवाचा हात धरून येणाऱ्या आजींना इजा होऊ शकते. एवढ्यासाठी रंगपटात गर्दी नको, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे.

दुसरे कारण कलाकाराचे शरीर. पडदा पडल्यानंतर पहिली दहा मिनिटे त्याला कुणीही नको असते. श्वास लागलेला असतो. दाढी-मिशा स्पिरिट गम या डिंकाने चिकटवलेल्या असतात, त्या ओढून काढल्या तर कातडी सोलवटते, म्हणून हळूहळू सोडवाव्या लागतात. तोंडावरचा रंग तेलाने किंवा क्रीमने पुसायचा असतो. विगाखालचे डोके ओलेचिंब असते. मुख्य म्हणजे, कपडे बदलायचे असतात. मोबाइल पुढे धरून रंगपटात घुसणाऱ्यांमुळे सर्वात जास्त त्रास अभिनेत्रींना होतो, आणि त्यातल्या कुणी दार आतून लावून घेतले तर आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत.

प्रेक्षकांच्याही काही सवयी आहेत. मिठी मारणे, खांद्यावर हात टाकणे, "तुम्ही प्रत्यक्षात जाड दिसता" असे सांगणे, "ओळखलं का मला?" असे कोडे घालणे. व्हिडिओ कॉल लावून "जरा माझ्या वहिनीशी बोला" हा त्यातला सर्वात महाग प्रकार. एक कॉल लागून, जोडला जाऊन, पलीकडच्या व्यक्तीला खरे वाटून संपेपर्यंत दोन मिनिटे सहज जातात आणि मागची सगळी रांग अडते. प्रयोग चालू असताना मोबाइलवर चित्रण करणारा तर भेटीचा हक्कच गमावून बसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर कुलूप हा उपाय नाही. भेटीची जागा आणि पद्धत बदला. खाली दिलेली व्यवस्था आमच्यातल्या काहींनी लहान-मोठ्या कार्यक्रमांत राबवलेली आहे. तिला खर्च जवळजवळ नाही.

जागा रंगपटाची नको, प्रवेशदालनाची हवी. भेट पडदा पडल्यानंतर पंधरा मिनिटांनी सुरू व्हावी. आधी नको, कारण तेवढ्या वेळात कलाकार कपडे बदलतो, पाणी पितो आणि ज्यांना बस गाठायची आहे ते प्रेक्षक निघून जातात. उरतात ते खरे थांबणारे. त्यांना भिंतीकडेने एका रांगेत उभे करावे. येण्याची आणि जाण्याची दिशा वेगळी असावी. भेटून झालेला माणूस त्याच वाटेने परत फिरला की रांगेचा घोळका होतो, हे ठरलेले.

कलाकाराला काचेच्या दाराकडे किंवा उजेडाच्या झोताकडे पाठ करून उभे करू नये. मागून उजेड आला की फोटोत चेहरे काळे येतात, मग माणूस "अजून एक, अजून एक" करत राहतो आणि वेळ जातो. मागे नाटकाचा फलक किंवा साधी भिंत हवी. छतातला दिवा डोक्याच्या अगदी वर असेल तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. दिवा किंचित समोर येईल असे पाऊलभर मागे उभे राहिले की पुरते.

माणसे तीन लागतात. पहिला रांगेच्या तोंडाशी. त्याचे काम एकच, फोन तयार आहे का हे बघणे. लॉक उघडलेले, कॅमेरा सुरू, मागचा कॅमेरा निवडलेला, फ्लॅश बंद, व्हिडिओऐवजी फोटो निवडलेला. हे शेवटचे फार वेळा चुकते. घरी गेल्यावर लोकांना फोटोच्या जागी तीन सेकंदांचा हलणारा व्हिडिओ सापडतो. स्टोरेज भरलेले असेल तर तेही इथेच कळते आणि त्या माणसाला बाजूला घेऊन चार जुने व्हिडिओ पुसायला सांगता येते. भिंगावर घामाचा, पावडरीचा थर असतो. ते रुमालाने पुसून घ्यावे, नाहीतर सगळा फोटो धुरकट येतो.

दुसरा माणूस फोटो काढणारा. सेल्फी नकोच. सेल्फीत हात लांब करून, चौकट जुळवून, हसून फोटो निघेपर्यंत वीस-तीस सेकंद जातात. शिवाय पुढच्या कॅमेऱ्यात कडेला उभ्या असलेल्याचा चेहरा ताणला जातो. सहा-सात फुटांवर उभ्या एकाच माणसाने, फोन छातीच्या उंचीवर धरून, लागोपाठ दोन-तीन फोटो काढले तर सात-आठ सेकंदांत काम होते. तिसरा माणूस पलीकडच्या टोकाला उभा राहून फोन परत देतो आणि रांग पुढे सरकवतो. यात बाउन्सर कुठेच लागत नाही. नाट्यसंस्थेतली नवी मुले हे काम आनंदाने करतात.

आता हिशेब करून बघा. साठ माणसे थांबली आणि प्रत्येकाने अर्ध्या मिनिटाचा सेल्फी घेतला, तर तीस मिनिटे लागतील. तीच साठ माणसे तीन-तीनच्या कुटुंबांत आली, म्हणजे वीस गट झाले, आणि प्रत्येक गटाला नमस्कार, एक वाक्य व फोटो मिळून वीस सेकंद दिले, तर चारशे सेकंद होतात. सात मिनिटेही नाहीत. रांगेत पहिल्या दोन-तीन मिनिटांत काठी घेतलेले, चाकाच्या खुर्चीवरचे आणि झोपेला आलेली मुले कडेवर असलेले यांना घ्यावे. रांग जिथे तोडायची तिथे शेवटच्या माणसामागे आपला माणूस उभा करावा. मागाहून येणाऱ्याला तो तिथेच सांगेल की आजची रांग संपली. अर्धा तास उभे करून मग "संपलं" म्हणण्यापेक्षा हे बरे.

सह्यांची बाब फोटोपेक्षा नाजूक आहे आणि हल्ली ती विसरली जात आहे. तिकीट मोबाइलवर आल्यापासून सही घ्यायला हातात कागदच नसतो. खिडकीवर मिळणारे छापील तिकीट थर्मल कागदाचे असेल तर त्याच्यावरचा मजकूर काही महिन्यांत विटतो आणि उन्हात किंवा गरम गाडीत राहिले तर तो कागदच काळा पडतो. त्यावर सही घेऊन उपयोग नाही. गुळगुळीत फोटोवर बॉलपेन घसरते, शाई बसत नाही. तिथे परमनंट मार्कर लागतो आणि सही झाल्यावर अर्धा मिनिट तो फोटो आडवा, मोकळा धरावा लागतो, नाहीतर बोटाला लागून फरपटतो. पुस्तकावर सही हवी असेल तर आतले शीर्षकाचे पान उघडूनच पुढे करावे. नाव लिहून हवे असेल तर ते चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून दाखवावे. गडबडीत 'मृणाल'ची 'मृणालिनी' होते आणि खोडताही येत नाही. कोऱ्या कागदाच्या तळाशी सही कुणीही देऊ नये आणि कुणी मागूही नये. वर काहीही लिहिता येते, म्हणून शहाणे कलाकार कागदाच्या मधोमध किंवा नावासह सही करतात. नोटेवर सही मागणारेही भेटतात. नोटेवर लिहू नये असे रिझर्व्ह बँक सांगत असते, आणि अशी नोट पुढे कुणी तरी भेळवाल्याला देऊन टाकते, हेही खरे.

निर्मात्यांना एक सूचना. नाटकाचे साधे, जाड, खडबडीत कागदावर छापलेले कार्ड करा. पोस्टकार्डाएवढे पुरे. एका बाजूला नाटकाचे नाव आणि श्रेयनामावली, दुसरी बाजू मोकळी. नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा आणि सूत्रधार यांची नावे त्यावर येऊ द्या. छपाईपुरते पैसे घेऊन ते दारात ठेवा, आमची हरकत नाही. सही घ्यायला जागा होईल, आणि जाहिरातीत ज्यांची नावे बारीक अक्षरांत जातात ती माणसेही प्रेक्षकांच्या घरी पोचतील. याच रांगेत कधी तरी प्रकाशयोजनाकाराला, नेपथ्यकाराला उभे करा. त्यांना प्रसिद्धी मिळण्याच्या वाटा फार थोड्या आहेत.

नाटकाबाहेरच्या आयोजकांसाठी थोडक्यात. दुकानाच्या उद्घाटनाला तारा आणायचा आणि लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी वेळ सांगायची चारची, आणायचे साडेसहाला, हा प्रकार थांबवा. उशीर गर्दी जमवण्यासाठी मुद्दाम केला जातो, हे आता शेंबड्या पोरालाही कळते. त्या अडीच तासांत बसगाड्या अडतात आणि शेजारच्या दुकानांचा संध्याकाळचा धंदा बुडतो. पाहुणा किती वाजता येणार आणि खाली उतरणार की गॅलरीतून हात हलवून जाणार, हे आदल्या दिवशी खरे सांगा. ज्याला पटेल तो येईल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

नाटकाच्या प्रयोगानंतरच्या भेटीसाठी वेगळे पैसे आकारू नयेत, कोणत्याही नावाने.

भेट होणार की नाही हे तिसऱ्या घंटेआधीच्या उद्घोषणेत सांगावे. मोबाइल बंद ठेवण्याची सूचना आपण देताच, त्याला जोडून एक वाक्य. "आज प्रयोगानंतर पंधरा मिनिटांनी कलाकार प्रवेशदालनात भेटतील" किंवा "आज पुढच्या प्रयोगामुळे भेट होणार नाही, क्षमस्व." एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो. घरी लवकर जायचे असलेले जातात, थांबणारे थांबतात.

ज्या कलाकाराला भेटायचे नसेल त्याच्या नकाराचे कारण विचारू नये आणि त्याच्यावर निर्मात्याने दबाव आणू नये. आजारपण, घरचे काही, किंवा नुसताच कंटाळा. तो माणूस आहे. पाचांपैकी दोनच आले तरी रांग चालते.

प्रायोजकांच्या पाहुण्यांनी त्याच रांगेत उभे राहावे. फार तर त्यांना पुढची जागा द्या, पण वेगळे दार नको.

प्रेक्षकांचे चित्रण त्यांना विचारून करावे. अठरा वर्षांखालील मुलांचे चित्रण पालकांच्या होकाराशिवाय अजिबात नको.

नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी प्रवेशदालनातला एक कोपरा या कामासाठी ठरवून द्यावा आणि पाचच्या व साडेनऊच्या प्रयोगांच्या मधल्या वेळात तो वीस मिनिटे मोकळा ठेवावा. तिथे बसायला दोन बाके असावीत. चालू पंखाही हवा. हे लिहावे लागते यातच सगळे आले.

आणि रंगपटाच्या दाराला कुलूप जरूर लावा, पण आतून. किल्ली कलाकारांच्या हातात असू द्या.

शेवटी, पाटीशिवाय पुण्यात काही चालत नाही, म्हणून मजकूर आम्हीच तयार करून देत आहोत. तो वापरावा, बदलावा, आमची परवानगी गृहीत धरावी.

"कलाकार प्रयोगानंतर १५ मिनिटांनी येथे भेटतील. ते दमलेले असतात, मिठी मारू नये. फोटो आमचा माणूस काढील, सेल्फी काढू नये. व्हिडिओ कॉल लावल्यास नातेवाइकांना पुढच्या प्रयोगाचे तिकीट काढण्यास सांगण्यात येईल. 'ओळखलं का?' असे विचारू नये. ओळखले नसते. काम आवडले असल्यास तसे सांगावे. आवडले नसल्यास नमस्कार करून पुढे सरकावे. कलाकार न आल्यास तो त्यांचा निर्णय आहे. व्यवस्थापकांशी वाद घालू नये."

या पत्राला आपले उत्तर अपेक्षित आहे. ते आम्हाला पाठवायची गरज नाही. पुढच्या शनिवारी नाट्यगृहाच्या सूचनाफलकावर लावावे, आम्ही पाचच्या प्रयोगाला येतोच आहोत.

कळावे,

रंगपटाच्या दाराशी आत-बाहेर उभे राहिलेले काही पुणेकर